आषाढातला वाटा

आषाढ लागला की कोल्हापुरात मंगळवारी, शुक्रवारी गल्लोगल्ली 'पी ढबाक' वाजू लागतं. पिपाणी-ढोलाच्या त्या तालावर डोक्यावर कलश घेतलेल्या पोरीबाळी निघतात आणि पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन त्र्यंबोली देवीच्या पायऱ्यांवर ओततात. एके काळी नदीच्या गढूळ पाण्याबरोबर पटकी आणि हगवणही दारात येत असे. तेव्हा पहिलं पाणी देवीला वाहून राखण मागावीशी का वाटली असेल, हे समजायला फार श्रद्धाळू असण्याची गरज नाही.

देवीचं झालं की गल्लीची जत्रा. वर्गणी निघते, बकरी कापली जातात, वाटे पडतात. वाटा घालणाऱ्याच्या हाताला न्याय लागतो: मांस, हाड, चरबी, काळीज, सगळ्यांतलं थोडं थोडं प्रत्येकाच्या वाट्याला आलं पाहिजे. मुंडी, पाय, वजडी, रक्तीही वाया जात नाही.

वाटा एक आणि खाणारी तोंडं आठ, म्हणजे रस्सा वाढवणं आलंच. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं. त्याचं पाणी म्हणजे अळणी. ते पोरांना आणि आजारातून उठलेल्यांना वाटीभर मिळतं. त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस पडली की पांढरा रस्सा होतो. भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. ताटात फोडी मोजक्या, रस्सा हवा तेवढा आणि चुरायला ज्वारीची भाकरी. आषाढ सरला की श्रावण, म्हणजे महिनाभर बहुतेक घरांत मटण बंद.

याच शहराला तालमींचाही वारसा आहे. शाहू महाराजांनी (कारकीर्द 1894 ते 1922) कुस्तीला राजाश्रय दिला. खासबाग मैदान 1912 सालचं. पैलवानाच्या खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण असतं, पण पहाटेपासून शेकडो जोर-बैठका मारून तो ते जिरवतो. मेहनत सुटूनही खुराक तसाच राहिला, तर वजन, रक्तदाब आणि साखर वाढायला वेळ लागत नाही.

मटणाला सरसकट दोषी ठरवणं मात्र अन्यायाचं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मांसातलं लोह शरीरात डाळी-भाज्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं, आणि काळजात लोहाबरोबर ब-12 जीवनसत्त्वही भरपूर असतं. म्हणून वाट्यातलं काळीज घरातल्या बाईच्या ताटात पडतं की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फोडी पुरुषांना आणि उरलेला रस्सा बायकांना, ही कितीतरी घरांतली जुनी वाढणी त्यांच्या रक्ताला महागात पडली आहे.

आता जत्रेचं ताट हॉटेलात बाराही महिने मिळतं आणि रस्सा हवा तितका वाढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लाल मांसाला कर्करोगाच्या 'संभाव्य' कारणांत धरलं. तिथे चिंता आहे ती वरचेवर, भरपूर खाण्याची. मिठाची दिवसाची मर्यादा आहे 5 ग्रॅम, आणि वाट्यांवर वाट्या रस्सा रिचवणाऱ्याला ती ओलांडायला एक जेवण पुरतं. रक्तदाब असलेल्याने मीठ बेताचं ठेवून वरचा तेलाचा कट काढावा, युरिक ॲसिड वाढलेल्याने काळीज, वजडी आणि पायाचा रस्सा टाळावा. घरच्या चुलीवर हे सहज जमतं, कारण मीठ-तिखटाचा हात आपलाच असतो.