उद्देश, साहित्य, कृती

शहापूर अथवा मुरबाड येथील एखाद्या माध्यमिक शाळेच्या कपाटात परीक्षेनंतर रद्दीवाल्याची वाट पाहत पडलेल्या प्रयोगवह्यांच्या चळतीतील कोणतीही वही उघडली, तरी उजवीकडच्या रेघी पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान ही पदे ठरल्या क्रमाने शाईत उतरलेली दिसतात, डावीकडच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने काढलेले चंचुपात्र दिसते, आणि खाली तारखेसह शिक्षकांची सही. मुलांच्या बोलीत हिचे नाव जर्नल. जर्नलातील निरीक्षणे पुष्कळदा गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेली असतात, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते, शिक्षकांनाही ठाऊक असते आणि तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकाला तर सर्वांहून अधिक. परंतु वही पूर्ण असणे एवढीच जेथे अट, तेथे त्यास हरकत घेणार कोण? विज्ञान शिकणाऱ्या मुलाने आपण पाहिलेले आपल्या शब्दांत लिहावे, आणि ते गुण देणाऱ्याखेरीज इतरांनीही वाचावे, ही रीत महाराष्ट्रात या वहीहून बरीच जुनी आहे, आणि तिच्या आरंभीच्या रूपात सही करणारा कोणी नव्हता.

बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भूगोल, पदार्थविज्ञान आणि सृष्टीतील चमत्कार यांविषयी मराठीत लिहावयास आरंभ केला, तेव्हा लिहिणारा अध्यापक आणि वाचणारा विद्यार्थी अशीच वाटणी होती. ती मोडली 1848 साली. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली, तिच्या मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा काढल्या, आणि सभासदाने निबंध लिहून आणावा, तो सभेत वाचावा व इतरांनी त्यावर शंका घ्याव्यात असा परिपाठ घातला. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते, आणि 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागल्यावर ज्यांनी कधी मुंबई पाहिली नाही अशा वाचकांपर्यंतही हे लेखन जाऊ लागले. (याच तरुणांनी पुढे मुलींच्या शाळाही चालविल्या, त्यामुळे हे सर्व निव्वळ वक्तृत्वाची हौस भागविण्यासाठी होते, असा आक्षेप त्यांच्यावर घेता येत नाही.) परीक्षेशी त्या निबंधांचा काडीचा संबंध नव्हता, आणि चुकीचे विधान केल्यास शिक्षा एवढीच, की चार सोबत्यांसमक्ष ते मागे घ्यावे लागे, माझ्या मते लिहिणाऱ्याला सावध करण्याचे सामर्थ्य या शिक्षेत लाल शाईहून पुष्कळच अधिक आहे.

या सोसायटीचा एक धागा थेट मुरबाडच्या हद्दीपर्यंत येतो. तिचे पहिले हिंदी अध्यक्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास प्राचीन लेखांचे ठसे घेण्याच्या कामी आपल्याकडे ठेवून घेतले, आणि त्याच भगवानलालांनी 1870 नंतरच्या दशकात नाणेघाटातील लेण्याच्या भिंतींवरील अंकांचा उलगडा केला. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या अंगाने चढून जुन्नरच्या पठारावर निघणाऱ्या त्या घाटात सातवाहनकालीन राणीने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री कोरलेली आहे: गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती. भारतीय अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत तिची गणना होते. यज्ञाच्या पुण्याविषयी आज कोणाचे काही मत असो, मोजलेले लिहून ठेवावे आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी ठेवावे, हे तत्त्व या डोंगरात दोन सहस्र वर्षांपूर्वी मान्य होते खास.

शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील शाळांची गोष्ट मात्र एवढी देदीप्यमान नाही. शहापूर तालुक्यास पूर्वी कोळवण म्हणत, आणि नावाप्रमाणेच तो रानाचा व डोंगराचा मुलूख. 1865 मध्ये थळ घाटातून आगगाडी इगतपुरीस गेली तोवर त्याच्या उशाशी आसनगाव, खर्डी, कसारा ही स्थानके आली खरी, पण गाडी आली म्हणून पाड्यावर शाळा आली असे झाले नाही. मुरबाडास तर गाडी आजही नाही. जेथे शाळा होती, तेथे वाचन, लेखन, मोडी आणि हिशेब यांवर भर, आणि वर्षाकाठी डेप्युटीसाहेबांची तपासणी. पुढे सृष्टिनिरीक्षण आणि वस्तुपाठ हे विषय अभ्यासक्रमात आले, त्यांचा हेतूही उत्तम होता. परंतु ज्या मुलाला करवंद कोणत्या उतारावर आधी पिकते हे पंतोजींपेक्षा जास्त ठाऊक, त्याला भिंतीवरच्या चित्रातील फुलाचे भाग पाठ करावे लागले. मुलगा जे जाणत होता ते लिहून घेण्याची तजवीज कोणत्याही फर्मानात नव्हती.

विज्ञानाची वही म्हणजे काय याचा खरा नमुना त्या काळी शाळेत नव्हता; तो होता मामलेदार कचेरीच्या आवारात. तेथे पर्जन्यमापक असे: पाच इंच व्यासाचे नरसाळे, जमिनीपासून फूटभर उंच कड, आत बाटली, आणि शेजारी खुणा केलेले काचेचे मापपात्र. पावसाळ्यात नेमलेल्या वेळी कारकुनाने बाटलीतील पाणी मापपात्रात ओतावे, इंच आणि सेंट पाहावे, आणि दफ्तरी नोंद करावी. शंभर इंचांच्या घरात पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात आषाढातल्या एखाद्या झडीत छत्री सावरीत ते नरसाळे उचलणे हे काही सुखाचे काम नव्हे. तरीही नोंद होई, कारण ती वरच्या कचेरीत रुजू व्हावयाची असे, आणि पिकाची आणेवारी ठरविताना पावसाचे आकडे हाताशी लागत. कारकुनास विज्ञानाची आवड असेलच असे नाही. पण आपण लिहिलेला आकडा पुढे कोणीतरी वापरणार आहे याची जाणीव त्याला होती, आणि त्या जाणिवेने जे काम करून घेतले, ते शाळेतील उपदेशाने क्वचितच करून घेतले असेल.

1928 साली पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ निघाले आणि प्रा. गो. रा. परांजपे प्रभृतींच्या श्रमाने मराठीत शास्त्रीय लेखनाला स्थिर घर मिळाले, 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. पण खेड्यातील शालेय विद्यार्थी या दोहोंचा वाचक झाला, लेखक फारसा झाला नाही. कोठारी आयोगानंतर शास्त्र हा विषय दहावीपर्यंत सर्वांना सक्तीचा झाला आणि 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट अशी स्थिती असलेल्या गावोगावच्या विद्यालयांत हजारो मुलांचे प्रात्यक्षिक तपासावयाचे, तर साचा हवाच, आणि साचा ठरला की नक्कल ओघाने आली. शिक्षकांना मी यात दोष देणार नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला दोन परीक्षानळ्या देऊन प्रत्येकाचे निरीक्षण स्वतंत्र असावे असा आग्रह धरणे हेच मुळी अवैज्ञानिक आहे.

जुन्या प्रथेची आठवण व्हावी असा प्रकार 1993 मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन, आपल्या भाषेत, दिनांकवार नोंदवहीसह प्रकल्प करावयास सांगितले, आणि महाराष्ट्रात त्याच्या संयोजनाचा भार ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने वाहिला. याच संस्थेचे ‘शालेय जिज्ञासा’ हे नियतकालिक विद्यार्थीच लिहितात आणि संपादनातही त्यांचा हात असतो. ज्ञानप्रसारकवाल्यांनी ते पाहिले असते तर आपले नातेवाईक ओळखले असते. शहापूर-मुरबाडच्या मुलास प्रश्न शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. 1892 पासून तानसा, नंतर भातसा, आणि 2014 पासून मध्य वैतरणा अशी मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत, आणि त्यांच्याच आसपासच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते. विहिरीत सोडलेल्या दोराची ओली लांबी दर सोमवारी मोजून माघापासून ज्येष्ठापर्यंत लिहिली, तर पाणी कोणत्या आठवड्यात तळाला गेले हे वहीतून स्पष्ट दिसेल, आणि ती वही ग्रामपंचायतीलाही वाचावीशी वाटेल. अशा वहीत गेल्या वर्षीचे उतरवून भागत नाही. गेल्या वर्षीची विहीर वेगळी होती.

माहितीचे भांडार मात्र बव्हंशी घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी. कोणती रानभाजी पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी उगवते आणि कोणता कंद किती वेळा उकळल्यावाचून खाऊ नये, हे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी म्हाताऱ्यांना मुखोद्गत असते, आणि त्यांतील बहुतेकींच्या वाट्याला अक्षर आले नाही. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा उघडली, गुलाबी लुगडी नेसून साठ ते नव्वद वयाच्या स्त्रिया पाटी घेऊन बसू लागल्या, आणि नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. या उलट्या शिकवणीचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यातला न घडलेला अर्धा भाग अधिक मोलाचा वाटतो: आजीने गिरवायचे अक्षर नातीने दाखवावे हे झालेच, आता आजीने सांगायचे आणि नातीने तारीख घालून लिहायचे.

शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी लोकसहभागातून टॅबलेट आणि डिजिटल फळा आणला, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ती शाळा पाहावयास आले आणि गावोगाव डिजिटल शाळांची लाट उठली. या लाटेत शाळांना जी साधने मिळाली, त्यांत धडे, चित्रे आणि हलत्या आकृत्या विपुल; त्या बहुतेक दुसरीकडे तयार होऊन आलेल्या. मुलाने विहिरीविषयी किंवा कंदाविषयी लिहिलेले त्याच यंत्रात साठवून शेजारच्या पाड्यावरील शाळेस वाचावयास धाडणे हे यंत्राला मुळीच अवघड नाही. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘उपक्रम’ नावाचा रकाना आहेच, आणि तो अशा लेखनाने भरावयास मुख्याध्यापकांस कोणाच्या मंजुरीची गरज पडावी असे मला दिसत नाही.