उतारूचें सामान आणि तंबाखूची जकात



वसईचा किल्ला पाहावयास आलेल्या पाहुण्यास आपण १७३९ सालचा चिमाजी आप्पांचा विजय सांगतों आणि १८०२ सालचा तहहि सांगतों. परंतु ज्या पोर्तुगीजांनीं १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून ही वसई मिळविली, त्यांनीं हिंदुस्थानांत आणलेली एक वस्तु त्यांचा किल्ला पडल्यावरहि येथें राहिली. ती म्हणजे तंबाखू. तिचें नांवहि त्यांच्याच भाषेंतून आलेलें आहे. ही तंबाखू जवळ बाळगून सरहद्द ओलांडणाऱ्या उतारूस कोणते नियम लागू होत आले, हा आजचा विषय. आपल्या वसई-विरार भागांतील कितीतरी मंडळी आखाती देशांत व बोटींवर नोकरीस असतात. त्यामुळें हा विषय निव्वळ पुस्तकी नाहीं.

१४९२ सालीं कोलंबसाच्या माणसांनीं क्यूबा बेटावर तेथील लोकांस पानांची सुरळी पेटवून धूर ओढतांना पाहिलें. युरोपियनांस चिरुटाची ओळख झाली ती अशी. पुढें सव्वाशें वर्षांच्या आंतच ही वनस्पति आपल्याकडे रुजली. असद बेग नांवाच्या सरदारानें ती विजापुराहून अकबराच्या दरबारीं नेली, आणि जहांगिरानें १६१७ सालीं तिच्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाहीं. पोर्तुगालच्या राजानें निराळी वाट धरली. त्यानें तंबाखूच्या विक्रीचा मक्ता आपल्या हातीं ठेवला. ब्राझिलांतील बाहियाची तंबाखू जहाजांनीं गोव्यास येई, आणि मक्त्याचा पैसा सरकारी तिजोरींत जाई. पण मक्ता आला कीं भाव चढतो, आणि भाव चढला कीं चोरटी वाहतूक आलीच. राजानें बंदी केली काय किंवा मक्ता दिला काय, उतारूची गांठोडी सोडून पाहण्याची पाळी सरकारवर दोन्ही वेळां येते.

आतां आपल्या जवळची सरहद्द पाहूं. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामध्यें १८७८ सालीं तह झाला. १८८० पासून दोहोंमधील जकातीचा अडसर दूर झाला. मिठावरील हक्क इंग्रजांकडे गेला व त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये मिळूं लागले. मुदत संपतांच, १८९२ सालीं, हा तह सरला व चौक्या पुन्हां उभ्या राहिल्या. १८८८ सालीं सुरू झालेल्या रेल्वेनें गोव्यास जाणाऱ्या उतारूस मग घाटावर कॅसलरॉक येथें एका सरकारपुढें आणि घाटाखालीं कुळें येथें दुसऱ्या सरकारपुढें सामान उघडून दाखवावें लागे. दोन्हीकडचे उतारू पुष्कळदां एकाच भाषेचे, एकाच गोताचे. मधें फक्त जकातीची रेघ. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा, दमण व दीव मुक्त झाले आणि ही रेघ पुसली गेली.

पुढच्याच वर्षीं, १९६२ सालीं, सीमाशुल्काचा नवा कायदा झाला. त्याचीं तीन कलमें प्रत्येक उतारूनें ध्यानांत ठेवावीं. ७७ वें कलम म्हणतें, आपल्या सामानांत काय आहे तें उतारूनें स्वतः सांगावें. ७९ वें कलम स्वतःच्या व कुटुंबाच्या उपयोगाच्या वस्तूंस, तसेंच खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंस, ठराविक मर्यादेंत सूट देतें. ८० वें कलम त्याहून उदार आहे. जकातपात्र वस्तु उतारूनें खरेपणानें जाहीर केली, तर त्याच्या विनंतीवरून अधिकारी ती ठेवून घेऊं शकतो व देश सोडतांना परत देऊं शकतो.

सूट किती, हें मात्र वेळोवेळीं बदलत आलें आहे. १९९८ च्या नियमांत एका उतारूस ५० चिरूट, किंवा २०० सिगारेटी, किंवा २५० ग्रॅम तंबाखू आणतां येई. २०१४ सालीं हें प्रमाण निम्म्यावर आलें, आणि २०१६ च्या नियमांत २५ चिरूट, १०० सिगारेटी किंवा १२५ ग्रॅम तंबाखू असेंच तें राहिलें. येथें "किंवा" हा शब्द महत्त्वाचा आहे. तिन्ही मिळून नव्हे. दोघा उतारूंची सूट एकत्रहि करतां येत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं चालू आंकडा पाहून घ्यावा.

क्यूबाच्या चिरुटाची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेनें १९६२ सालीं क्यूबाशीं व्यापार बंद केला. २०१५ सालीं तेथून परतणाऱ्या उतारूंस शंभर डॉलरपर्यंतचें मद्य व तंबाखू आणण्याची मुभा मिळाली, २०१६ सालीं ती मर्यादाहि उठली, आणि २०२० सालीं मुभाच काढून घेण्यांत आली. आपल्या नियमांत चिरूट मोजले जातात. अमेरिकेच्या नियमांत त्यांची जन्मभूमि विचारली गेली. दुबईच्या दुकानांत उघडपणें घेतलेला डबा एका विमानतळावर निर्दोष आणि दुसऱ्यावर जप्तीयोग्य ठरूं शकतो, याचें कारण हेंच.

राज्यें बदललीं, सरहद्दी हलल्या, आंकडे कमीजास्त झाले. पण उतारूस विचारले जाणारे प्रश्न मुख्यतः दोनच राहिले: हें तुझ्या स्वतःसाठीं आहे काय, आणि तूं खरें सांगितलेंस काय? सुटीवर घरीं निघालेल्या मुलाच्या हातीं एखादा ओळखीचा मनुष्य "एवढें मुंबईस पोंचवा" म्हणून बांधलेलें पुडकें देतो, तेव्हां या दोन्ही प्रश्नांचें उत्तर त्या मुलापाशीं नसतें. जबाबदारी मात्र त्याचीच असते, आणि दंड किंवा जप्ती ओढवली तर तीहि त्याच्याच नांवें. असें पुडकें उघडून पाहावें. उघडूं न दिल्यास नम्रपणें परत करावें. मर्यादेबाहेर कांहीं असेल, तर तांबड्या वाटेनें जाऊन तें सांगावें व जकात भरावी. परदेशांत राबून मिळविलेली अब्रू चार चिरुटांपायीं जाऊं देऊं नये, इतकेंच सांगून मी आपली रजा घेतों.