मंडईतली पेटी आणि सड्यावरचा मासा

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात मंडईतून. मे महिना, संध्याकाळचे सात. १८८६ साली उघडलेली ती दगडी इमारत, तिचा आठ कोनांचा मनोरा, आणि बाहेर आंब्याच्या पेट्यांची रांग. (नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी ज्या बाजाराच्या खर्चाला विरोध केला, त्याच बाजाराला आज त्यांचं नाव आहे. यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू.) मी एका पेटीवर हात ठेवून नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, रत्नागिरीच ना?" त्या म्हणाल्या, "कातळावरचा आहे दादा. घेऊन बघ, परत येशील."

कातळावरचा! आता बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी हा शब्द म्हणजे गोडीची गॅरंटी. मला मात्र तो कातळ चांगलाच माहितीय. माझं आजोळ राजापूर तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. गावातून चढून वर गेलं की एकदम सपाट माळ लागतो. त्याला सडा म्हणायचं. झाड नाही, सावली नाही, नुसता काळा जांभा दगड पसरलेला, आणि पश्चिमेला लांबवर समुद्राची रेघ. लहानपणी मला ती जगातली सगळ्यात बोअर जागा वाटायची. पावसाळ्यानंतर दीडेक महिना मात्र तिथे इतकी बारीक बारीक फुलं येतात की पाय कुठे ठेवायचा कळत नाही.

सड्याकडे नीट बघायला शिकलो ते कुठे, तर इंग्लंडमध्ये. हसू नका. तीन महिने ऑनसाइट होतो, ब्रायटनला. शनिवार-रविवार करायचं काय, म्हणून साउथ डाउन्समध्ये चालायला लागलो. नाव 'डाउन्स', पण आहेत त्या टेकड्या. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच टेकडी. वर आखूड गवत, मेंढ्या, वारा, आणि समुद्राकडची कडा उभी कापल्यासारखी, पांढरीशुभ्र. तो पांढरा दगड म्हणजे चॉक, आपला खडू म्हणा. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचे थर कोट्यवधी वर्षं साचून तो तयार झाला.

तिथल्या विल्मिंग्टन गावाजवळ टेकडीच्या उतारावर एक माणूस काढलेला आहे. उंची सुमारे ७२ मीटर, दोन्ही हातांत एकेक लांब काठी. लाँग मॅन म्हणतात त्याला. लोक त्याला अतिप्राचीन मानायचे, पण २००३ मध्ये झालेल्या तपासणीत तो सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा असं दिसलं. म्हणजे साधारण आपल्या शहाजीराजे-शिवाजीराजांचा काळ. त्याच्यापेक्षा कितीतरी जुना आहे तो आतल्या भागातला, अफिंग्टनचा पांढरा घोडा. तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा.

मी तिथे उभा राहून इंजिनियरसारखा विचार करत होतो, की हे टिकलं कसं? चॉकवर गवत काही वर्षांत चढतं. सोडून दिलं तर घोडा एका माणसाच्या आयुष्यातच दिसेनासा होईल. उत्तर अगदी साधं आहे: लोकांनी तो घासला. गवत काढायचं, नवा चॉक ठोकून भरायचा. या कामाच्या लेखी नोंदी सतराव्या शतकापासून मिळतात, पुढे तर त्याला जोडून जत्रा भरायची. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून घोडा झाकला, आणि युद्ध संपल्यावर परत उघडा केला. लाँग मॅनची तर रेघच आता चॉकची नाही. १८७४ मध्ये ती विटांनी आखली आणि १९६९ पासून काँक्रीटच्या ठोकळ्यांनी. शुद्धतावाद्यांना कसंतरी होईल, पण माणूस दिसतो.

आता आपल्या सड्यावर या. तिथेही चित्रं आहेत, आणि थोडीथोडकी नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात मिळून हजाराहून जास्त कातळशिल्पं सापडली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून विचारून यातली बरीचशी शोधली. कशेळीला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी छोटी चित्रं. बारसूला एक माणूस उभा आहे, दोन्ही बाजूंना वाघ. (लाँग मॅनच्या दोन काठ्या आठवल्या ना? मलाही आठवल्या. संबंध काही नाही, उगाच व्हॉट्सॲपवर थिअरी फिरवू नका.) आज कोकणात नसलेला गेंडासुद्धा काही ठिकाणी कोरलाय. वय किती, यावर एकमत नाही. काही अभ्यासक ती दहा-बारा हजार वर्षं मागे नेतात. गावात विचाराल तर उत्तर एकच, पांडवांनी काढली.

पण ही टिकली कशी, याचं उत्तर अफिंग्टनच्या बरोबर उलटं आहे. ती कोणी घासली नाहीत, जत्रा भरवली नाही. ती टिकली कारण सड्याचा कोणाला फारसा उपयोगच नव्हता. नांगर चालत नाही, पाणी ठरत नाही. गुरं चारायची, गवत कापायचं, बस्स. दुर्लक्ष हेच त्यांचं संरक्षण होतं. आणि ते आता संपलंय. चिरेखाणी आल्या, रस्ते आले, १९९० च्या सुमारास सरकारची फळबाग योजना आली. कातळात सुरुंग लावून खड्डा करायचा, त्यात बाहेरून माती आणून भरायची, आणि कलम लावायचं. मंडईतल्या मावशी म्हणतात तो कातळावरचा हापूस हा असा येतो.

माझ्या आजोबांनीही तेच केलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मुंबईला चाकरीला न जाता गावात राहायचं तर दुसरा मार्ग कुठला होता? माझ्या बीटेकच्या फीमधला एक हिस्सा मामाने त्या कलमांच्या पैशातून दिलाय.

इंग्लंडहून आल्यावर दिवाळीत मी मामाला घेऊन सड्यावर गेलो. ऊन कलतं असताना जायचं, तिरप्या उजेडात रेघा उठून दिसतात. दुपारी गेलात तर त्यावरून चालत जाल आणि कळणार नाही. बागेच्या कुंपणाजवळ मला एक मासा दिसला. साधारण माझ्या उंचीएवढा. डोकं, कल्ला, पोटापर्यंतची रेघ स्वच्छ. आणि पुढे शेपटीच्या जागी आंब्याचं झाड.

मामा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा खड्डा मी नि बाबांनी मिळून मारला. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. रेघ दिसली होती रे. बाबा म्हणाले, पांडवांचं काहीतरी असेल, पाया पड नि हो बाजूला." तो खरंच पाया पडला होता. मग सुरुंग उडाला.

यावर मी काय बोलणार?

२०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात कशेळी, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी आहेत, आणि बारसूही. एप्रिल २०२३ मध्ये त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा गावकरी उन्हात जमिनीवर आडवे झालेले आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. मला रिफायनरीवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मामाला घालणं जमत नाही, आणि पेटी तर मीच विकत घेतो.

उक्षीचं उदाहरण मी मामाला सांगितलं. तिथे गावाने हत्तीभोवती दगडी कठडा बांधून घेतला, लोक बघायला येतात. मामा म्हणाला, "हत्ती असता तर बघितलं असतं. अर्धा मासा बघायला कोण येतंय?" मी म्हटलं, मी येईन. त्याने माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला.

मंडईतून ती पेटी घेतलीच मी, भाव न करता. मेट्रोने एकच स्टेशन, स्वारगेट. गाडीत फोन वाजला, मामाचा फोटो. माशाभोवती चुना लावलेले जांभ्याचे चिरे मांडलेत, वेडेवाकडे, पण चारी बाजूंनी. खाली मेसेज: "चिऱ्यांचे पैसे तू द्यायचेस. आणि ट्रॅक्टर आता कुठून वळवू ते येऊन सांग."