जपानी शाळांतील इंग्रजी अध्यापन : मुलाखतीची कसोटी

जपानमधील शाळांत परदेशी तरुणांना सहायक भाषाशिक्षक म्हणून नेमणारी 'जेट' ही सरकारी योजना १९८७ मध्ये सुरू झाली. अर्ज स्वदेशातील जपानी दूतावासामार्फत करावा लागतो. या पदासाठी पदवी अनिवार्य असते. जपानी भाषेचे ज्ञान वा अध्यापनाचा अनुभव मात्र सक्तीचा नसतो. अर्जांच्या छाननीनंतर निवडक उमेदवारांची मुलाखत होते.

मुलाखतीत व्याकरणापेक्षा स्वभावाची पारख अधिक होते. जपानच का निवडले, वर्ग गप्प बसला तर काय कराल, जपानी सहकाऱ्याशी मतभेद झाल्यास कसे वागाल, अशा स्वरूपाचे प्रश्न विचारले जातात. कधी छोटा पाठ तेथेच घेऊन दाखवावा लागतो.

यामागे कारण आहे. सहायक शिक्षक वर्गाचा प्रमुख नसतो. तो जपानी शिक्षकाच्या जोडीने शिकवतो. नेमणुकीच्या ठिकाणाबाबत पसंती कळवता येते, पण तिची हमी नसते. टोकियोऐवजी दूरचे बेट किंवा डोंगराळ खेडेही वाट्यास येऊ शकते. करार एका वर्षाचा असून एकूण मुदत कमाल ५ वर्षांपर्यंत वाढू शकते. त्यामुळे महानगराच्या ओढीपेक्षा एकटेपणा पेलण्याची आणि जुळवून घेण्याची तयारी उमेदवाराच्या अधिक उपयोगी पडते.