न पाहिलेली नाटके

पुण्या-मुंबईची माणसे नाटक पाहतात. आमच्याकडची माणसे नाटक वाचतात. आता बुलढाणा जिल्ह्यात नाटक येतच नसे असे म्हणणे अन्यायाचे होईल. येत असे. पण ते आले की नेमकी आमची परीक्षा असे, आणि परीक्षा नसली तर तिकिटाला पैसे नसत. त्यामुळे माझ्या विद्यार्थिदशेत ‘शाकुंतल’, ‘शारदा’, ‘एकच प्याला’ ही सारी नाटके मी खामगावच्या घरी, माडीवरच्या खिडकीत बसून, वाचनालयाच्या पुस्तकांतून पाहिली.

अशा नाटक पाहण्याचे फायदे पुष्कळ आहेत. ढेकूण चावत नाहीत. पुढच्या बाईंचा अंबाडा आड येत नाही. नायिकेचं काम करणाऱ्या नटाचं वय काय, याची चिंता करावी लागत नाही. सगळी कामं आपणच करायची, आणि टाळ्याही आपणच वाजवायच्या. तोटा एकच, तो म्हणजे पदं. पुस्तकात पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असते, आणि ती ज्या गाण्याची ते गाणं आपण जन्मात ऐकलेलं नसतं. कुणाला पत्ता विचारावा आणि त्याने ‘गणपतरावांच्या शेजारी’ एवढंच सांगावं, तशातली गत! मी आपली सगळी पदं आरतीच्या चालीवर म्हणून टाकीत असे. आश्चर्य म्हणजे पुष्कळशी बसत.

माझ्या या खाजगी नाटकगृहात प्रेक्षक एकच होता, तो म्हणजे आजी. ती खाली तांदूळ निवडत बसायची आणि माझा आवाज चढला की विचारायची, “काहून रे, कोणासंग भांडून राह्यला?” मग मला खाली जाऊन कथानक सांगावं लागे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा संसार थाटला. मी आजीला सगळी गोष्ट सांगितली. दुर्वासाचा शाप, हरवलेली अंगठी, बायकोला विसरलेला दुष्यंत. आजीने निवडलेले तांदूळ सुपात ओतले आणि म्हणाली, “शाप-बीप काही नाही रे बाप्पा. राजाले इसरायचंच होतं!”

कालिदासाबद्दल असं बोलावं, याचा मला तेव्हा धक्का बसला. पुढे महाभारतातली मूळ कथा वाचनात आली. तिथे शापही नाही आणि अंगठीही नाही. राजाला सगळं लख्ख आठवत असतं आणि तरी तो भर दरबारात ‘मी हिला ओळखत नाही’ म्हणतो. शाप आणि अंगठी घालून कालिदासाने राजाची अब्रू राखली. आजीने महाभारत वाचलेलं नव्हतं, पण तिचं आणि व्यासांचं मत तंतोतंत जुळलं होतं.

देवलांच्या ‘शारदे’ची तऱ्हा वेगळी. हे नाटक १८९९ सालचं. पंचाहत्तरीतल्या थेरड्याला कोवळी मुलगी देऊ पाहणारा बाप, आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, त्याला सगळे ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची ठाम समजूत अशी, की सरकारने देवलांचं नाटक पाहिलं आणि रडत रडत कायदा केला! खरं म्हणजे ते नाव पडलं हरविलास सारडा या अजमेरच्या गृहस्थांवरून. पण नाटकाने कायदा केला ही समजूत मला खऱ्यापेक्षा जास्त आवडते. आजी तर हे नाटक ऐकताना हसलीही नाही आणि रडलीही नाही. “आमच्या येळेस असंच होतं,” एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. ‘शारदे’वर मी पुढे पुष्कळ टीका वाचली, याहून नेमकी वाचली नाही.

हे सारं मी परीक्षेत लिहीत असे. पण प्रश्न असायचा ‘या नाटकाचे वाङ्मयीन सौंदर्य विशद करा’, आणि उत्तराची सुरुवात ‘हे नाटक अजरामर आहे’ अशी असावी लागे. मी दुष्यंताविषयी आजीचं मत लिहिलं आणि आमच्या मराठीच्या सरांनी तांबड्या शाईने शेरा मारला, ‘अप्रस्तुत!’

याच सरांनी एके दिवशी वर्गात छाती फुगवून सांगितलं, “श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपले! आपल्या जिल्ह्याचे!” आता कोल्हटकरांचा जन्म १८७१ साली झाला तो नागपूरला. पण बालपण बुलढाण्यात गेलं, आणि वकिली केली ती अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद इथे. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून कुळांच्या फिर्यादी लिहिता लिहिता या माणसाने बारा नाटके लिहिली. ‘महाराष्ट्रगीत’ लिहिलं. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. एवढं ऐकल्यावर कोण स्वस्थ बसेल? मी वाचनालयातून ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’ असा गठ्ठाच उचलून आणला.

आणि पहिल्याच नाटकात मला झोप आली.

काय सांगावं! राजपुत्र वेष पालटतात, कोटीला कोटी लागते. नोकरसुद्धा वकिलासारखा बोलतो आणि वकील तर बोलतच राहतो. एका कोटीवर हसून होतं न होतं तो दुसरी दारात उभी. जेवणात नुसत्या चटण्याच वाढल्या तर माणूस पाणी मागेल की नाही? आजी खालून ओरडली, “आज आवाज काहून नाही येत?” मी म्हटलं, “आज नाटक आपल्या गावचं आहे.”

मोठी पंचाईत झाली. कालिदासाबद्दल बोलायला हरकत नाही, तो पडला उज्जैनीचा. पण गावच्या माणसाचं नाटक कंटाळवाणं वाटलं तर ते सांगायचं कुणाला? कंटाळा आला म्हणावं तर जिल्ह्याशी बेइमानी, आणि अजरामर म्हणावं तर स्वतःशी.

या पेचातून मला सोडवलं ते खुद्द कोल्हटकरांनी. त्यांच्याविषयी वाचता वाचता कळलं, की ते लेखक म्हणून लोकांपुढे आले ते नाटक लिहून नव्हे, तर दुसऱ्याच्या नाटकाचं परीक्षण करून! ‘विक्रमशशिकला’ नावाचं नाटक तेव्हा गाजत होतं. त्याचं परीक्षण १८९३ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात आलं. परीक्षण लिहिणारा मुलगा बी. ए. झालेला होता, पण वकिलीची परीक्षा त्याच्या डोक्यावर होती. म्हणजे विद्यार्थीच! एका विद्यार्थ्याने नाटकाबद्दल आपल्याला काय वाटलं ते सांगितलं, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘अप्रस्तुत’ असा शेरा पडला नाही.

मग मी निर्धास्त होऊन ती नाटके पुन्हा वाचायला घेतली. या खेपेस ‘आवडलं का’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘हा गृहस्थ करतोय काय’ हे पाहिलं. तेव्हा ध्यानात आलं, की १८९६ साली ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणलं तेव्हा आमची संगीत नाटके बहुतेक पुराणातल्या देवा-राजांवर जगत होती. या वकिलाने गोष्टी स्वतःच्या डोक्यातून काढल्या, चाली पारशी नाटकांच्या घेतल्या, आणि आत भरलं काय? ‘मूकनायका’त दारूचं व्यसन, ‘गुप्तमंजूषा’त स्त्रियांचं शिक्षण, ‘मतिविकारा’त विधवेचा पुनर्विवाह. गोळी कडू म्हणून साखरेचा लेप दिला, पण लेप इतका जाड झाला की आज गोळी हाताला लागत नाही.

गुरूला जे साधलं नाही ते शिष्याने केलं. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. गुरूने दारू दाखवली ती राजवाड्यात. शिष्याने ती ‘एकच प्याला’त तुमच्या-आमच्या घरात आणली, आणि तीही एका वकिलाच्या घरात! १९१९ च्या जानेवारीत गडकरी सावनेरला वारले, आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लेखकालाही आपलं हे नाटक पाहायला मिळालं नाही. आम्हा वाचणाऱ्यांना तेवढाच जोडीदार!

कोल्हटकरांचे खरे प्रयोग मात्र दुसरीकडेच चालू होते. १९०२ साली त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख छापून आला आणि त्यातून पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही तीन माणसं आपल्याच रूढींच्या, सणांच्या, लग्नांच्या मागे लागली. त्यांच्याच वाटेने गडकऱ्यांचे तिंबूनाना आले आणि चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आले. मी ते पुस्तक मोठ्याने वाचू लागलो आणि तांदूळ निवडता निवडता आजीला असा ठसका लागला, की पाणी आणायला मलाच धावावं लागलं. “हा माणूस आपल्या इकडचाच दिसते,” ती डोळे पुसत म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

हल्लीची मुलं मला विचारतात, “आजोबा, ही जुनी नाटकं कशाला वाचायची? बोअर होतात.” मी म्हणतो, जरूर बोअर व्हा, पण वाचून व्हा. न वाचता कंटाळण्याचा हक्क कुणालाच नाही. वाचून कंटाळण्याचा, आणि तो कंटाळा चारचौघांत सांगण्याचा हक्क मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या एका वकिलाने १८९३ सालीच मिळवून ठेवला आहे.