बोर्डिंग, कोल्हापुरातील
खेड्यांतून शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता कोल्हापुरात समाजनिहाय उभारलेली अल्पखर्चाची वसतिगृहे. सर्वजातीय वसतिगृहाचा (१८९६) लाभ मुख्यत्वे ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच होतो, असे दिसून आल्यावर शाहू छत्रपतींच्या (पहा : शाहू महाराज) प्रोत्साहनाने १९०१ मध्ये मराठा व जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जागा व अनुदान दरबाराचे आणि कारभार त्या त्या समाजाचा, अशी ही व्यवस्था असून जातिभेद ओलांडण्यासाठी जातवार छप्पर उभारावे लागले, हा तिच्यातील विरोधाभास होय. परवडणाऱ्या निवाऱ्यामुळे शेतकरी व कारागीर कुटुंबांतील मुले शहरात टिकली, विद्यार्थिवर्गाची सामाजिक घडण पालटली आणि १९०२ च्या, मागासवर्गीयांसाठी दरबारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या आदेशाला (पहा : आरक्षण) शिकलेले उमेदवार मिळू लागले. जैन व मुस्लिम बोर्डिंगच्या वास्तू दसरा चौकात आहेत.