पालखीत पोथी कधी बसली?

राज्यात मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो तो 14 ते 28 जानेवारी. गावोगावची वाचनालयं या दिवसांत ग्रंथप्रदर्शन मांडतात, हस्ताक्षर स्पर्धा घेतात, ग्रंथदिंडी काढतात आणि फोटोंसह अहवाल वर धाडतात. नेमकी याच पंधरवड्यात, 20 जानेवारीला, काशीबाई कानिटकरांची जयंती येते, हे मला परवा तारखा ताडताना दिसलं आणि मी उडालोच. मराठीतल्या आद्य स्त्री-कादंबरीकारांपैकी या एक. जन्म 1861. संदर्भग्रंथांत जन्मगाव ‘अष्टे, जि. सांगली’ असं छापलेलं असतं. म्हणजे आपलं सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचं आष्टा. काशीबाई इथल्या बापटांची लेक.

आता आष्ट्यातून त्यांच्या नावाची ग्रंथदिंडी निघाली, तर पालखीत काय ठेवायचं? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि ग्रंथदिंडीच्या कुळातच शिरलो.

हे कूळ वारकऱ्यांचं, असं कोणीही सांगेल. देहूच्या नारायणमहाराजांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली. आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबांनी. ते साताऱ्याजवळच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरचे सरदार. इथवर सगळं माहीत असलेलंच. पण वारीच्या पालखीत पादुका असतात. गाथा वारकऱ्याच्या मुखात असते, ज्ञानेश्वरी पारायणाला असते, पालखीचा मान मात्र पादुकांना. वाचनालयाच्या पालखीत आपण पादुका ठेवत नाही, पुस्तकं ठेवतो. मग पादुका उठल्या कधी आणि पोथी बसली कधी?

यावर पहिलं उत्तर मिळतं ते एकनाथांचं. एकनाथी भागवत काशीत 1573 मध्ये पूर्ण झालं. तिथल्या पंडितांनी प्राकृत ग्रंथ म्हणून आधी नाकं मुरडली आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. कथा गोड आहे, पण एकदाच घडलेली गोष्ट म्हणजे प्रथा नव्हे. दुसरं उत्तर सप्ताहाचं. सांगतेला ज्ञानेश्वरी डोक्यावर घेऊन गावप्रदक्षिणा होते, हे खरंच. तरी डोक्यावरची पोथी आणि पालखीतली पोथी यांत फरक आहे. पालखी हा दरबारी मान. पेशवाईत तो सरदार-मुत्सद्द्यांना मिळायचा, वर पालखीच्या खर्चाची नेमणूक असायची. डोक्यावरच्या पोथीत भक्ती आहे. पालखीतल्या पोथीला हुद्दा आहे.

माझं उत्तर तिसरं. ते ऐकून वारकरी मित्र रागावतात, पण मी ते सोडणार नाही. वारणा-कृष्णेच्या या पट्ट्यात जैन समाजाची वस्ती जुनी आणि दाट. दिगंबर जैनांचा एक सण आहे, श्रुतपंचमी. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला येतो. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम लिहून पुरा केला, त्याची ही आठवण. त्या दिवशी पूजा मूर्तीपेक्षा ग्रंथाची. जुनी पोथी बाहेर काढायची, झटकायची, नवं वेष्टन घालायचं आणि वाजतगाजत मिरवायची. दर वर्षी, ठरल्या तिथीला, केवळ ग्रंथासाठी! चिकोडीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर याच मुलखातले. त्यांच्या प्रेरणेने षट्खंडागमावरचे धवला टीकाग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेतले गेले आणि फलटणला जतन झाले. आणखी मागे गेलं तर बाराव्या शतकात पाटणला सिद्धराज जयसिंहाने हेमचंद्राचं व्याकरण हत्तीवरून मिरवलं, अशी कथा आहेच. हेमचंद्रही जैन आचार्यच. तेव्हा माझा तर्क असा की ग्रंथदिंडीचे टाळ, पताका आणि पाऊल वारीचं. पालखीत पुस्तक बसवण्याची कल्पना मात्र श्रुतपंचमीच्या वळणाची. शीख बांधवही गुरू ग्रंथसाहिब पालखीतूनच नेतात, पण ते वळण इकडे रुजलं असेल असं मला वाटत नाही. शेजारच्या गल्लीत निघणारी मिरवणूक अधिक जवळची.

पुढचा प्रवास थोडक्यात. साहित्य संमेलनांनी ग्रंथदिंडी उचलली, शाळांनी तिला लेझीम जोडलं, वाचनालयांनी नऊवारीतल्या मुली पुढे उभ्या केल्या. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा, अलीकडे संविधान. कादंबरी सहसा नाही.

इथे काशीबाई येतात. शाळेचं तोंड न पाहिलेली ही मुलगी नवव्या वर्षी कानिटकरांकडे गेली. नवरा गोविंदराव कवी, हॅम्लेट मराठीत आणणारा. बायकोने वाचावं हा त्याचाच हट्ट. घरातल्या बायकांचे टोमणे खात त्या मराठी, मग संस्कृत-इंग्रजी शिकल्या. 1889 मध्ये त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. डॉक्टरीण जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. ‘रंगराव’ ही कादंबरी आधी मासिकातून आली, पुस्तक झालं 1903 मध्ये. आणि 1928 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी जी कादंबरी प्रसिद्ध केली तिचं नाव काय असावं? ‘पालखीचा गोंडा’! एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती आला तर काय घडेल, हा तिचा विषय. गोंडा म्हणजे पालखीला शोभेसाठी लटकणारा रेशमी झुबका. बाईची जागा तेवढीच धरणाऱ्या काळात काशीबाईंनी तिला थेट कारभारावर नेऊन बसवलं. मला तर हा योगायोग वाटतच नाही, पण तो माझा छंद म्हणून सोडून द्या.

1878 पासून भरत आलेल्या मराठी साहित्य संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती 1961 मध्ये, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. काशीबाईंच्या जन्माला त्या साली शंभर वर्षं होत होती. तिकडे इंग्लंडात बाथ गावी दर सप्टेंबरला कादंबरीकार जेन ऑस्टिनचे शेकडो वाचक तिच्या काळचे पोशाख चढवून रस्त्याने चालतात. त्या बाई तिथे जन्मल्याही नव्हत्या, काही वर्षं राहिल्या एवढंच. आपल्याकडे जन्मगाव आहे, तारीख आहे, पंधरवडा सरकारीच आहे.

तेव्हा आष्टा आणि परिसरातल्या ग्रंथपालांना विनंती. येत्या 20 जानेवारीला पालखीत ज्ञानेश्वरीशेजारी ‘रंगराव’ आणि ‘पालखीचा गोंडा’ ठेवा. जुनी प्रत हातात धरवत नसेल तर छायाप्रत चालेल. सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेलं काशीबाईंचं आत्मचरित्र आणि चरित्र वाचनकक्षात टेबलावर असू द्या, कपाटात नको. आणि दिंडी सकाळी लवकर काढा. जानेवारीत उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्यात मुलांना उभंही राहता येत नाही.